खण क्रमांक शून्य

जालन्यातल्या सळईच्या कारखान्यात सर्व्हर कुठे ठेवलाय, हे कुणाला विचारावं लागत नाही. लेखा विभागाच्या मागची जी एकच खोली बाराही महिने थंड असते, तीच. बाहेर एप्रिल-मेचं चाळिशीपारचं ऊन, भंगार वितळवणाऱ्या भट्ट्या आणि जिथे तिथे बसणारी काळी लोखंडी धूळ. आत एसी, यूपीएस आणि यूपीएसवर कुणीतरी 'जरा वेळ' म्हणून ठेवलेली, वर्षभर न हललेली फायलींची चवड. रिकामा ट्रक काट्यावर चढतो, भरून पुन्हा चढतो, वजन सर्व्हरकडे जातं, बिल होतं, ई-वे बिल निघतं, तेव्हा कुठे गेट उघडतं. सर्व्हर बसला की काटा बसला, आणि काटा बसला की दहा मिनिटांत ड्रायव्हर मंडळी केबिनच्या दारात.

या सर्व्हरच्या पोटात तळहातापेक्षा थोडं मोठं एक कार्ड असतं. त्याचं नाव रेड कंट्रोलर. डेल त्याला पर्क म्हणतं, एचपी स्मार्ट ॲरे, आणि मेगारेड हे तिसरं घराणं. खाली चार-सहा खऱ्या डिस्का जोडलेल्या असतात. वर विंडोज किंवा लिनक्सला दिसते ती मात्र एकच मोठी डिस्क. हात लावून दाखवावी अशी ती कुठेच नसते, म्हणून ती व्हर्च्युअल डिस्क. एचपीवाले तिलाच लॉजिकल ड्राइव्ह म्हणतात, मेगारेडवाले व्हर्च्युअल ड्राइव्ह. फोनवरून सल्ला देताना या तीन नावांनी जो गोंधळ होतो, तो मी बरीच वर्षं निस्तरला आहे.

रेडची कल्पना कॅलिफोर्नियातली. बर्कली विद्यापीठाच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली शिकागोच्या परिषदेत एक निबंध मांडला. तेव्हा मोठ्या संगणकांना आयबीएमची ३३८० ही १४ इंची तबकड्यांची अजस्र डिस्क लागे. तिच्यात ७,५०० मेगाबाइट मावत. पीसीसाठी मात्र १०० मेगाबाइटच्या साडेतीन इंची डिस्का येऊ लागल्या होत्या. एक हत्ती पोसण्याऐवजी बैलांची दावण का बांधू नये, असा या तिघांचा सवाल होता. अडचणही त्यांनीच मांडली. एका डिस्कचं सरासरी आयुष्य ३०,००० तास धरलं, तरी शंभर डिस्का एकत्र जुंपल्या की त्यातली कुठली तरी एक सरासरी ३०० तासांत मान टाकणार. म्हणजे दोन आठवडेही नाहीत. म्हणून जादा माहिती ठेवायची, एक गेली तरी गाडा चालेल अशी. रेड (RAID) या नावातला 'आय' मुळात इनएक्स्पेन्सिव्हचा, म्हणजे स्वस्ताचा. पुढे त्याचा इंडिपेंडंट झाला. या पेट्यांचे भाव पाहता ते बरंच झालं म्हणायचं.

जादा माहिती कशी ठेवतात, ते मोंढ्यातल्या कुठल्याही मुनिमाला सांगावं लागणार नाही. चोपडीत सात, पाच, नऊ असे आकडे आणि खाली बेरीज एकवीस. पाचावर चहा सांडला, तर एकवीसमधून सोळा वजा करा. कंट्रोलर हेच करतो, फक्त शून्य आणि एक या दोनच आकड्यांत, आणि बेरजेचा रकाना मजकुराच्या प्रत्येक पट्ट्याला वेगळ्या डिस्कवर सरकवतो. हे झालं रेड ५. बेरजेचे दोन वेगळे रकाने ठेवले तर रेड ६, आणि मग दोन डिस्का गेल्या तरी निभावतं. रेड १ म्हणजे सरळ आरसा. रेड १० म्हणजे आरशांच्या जोड्या. रेड ० मध्ये जादा काहीच नसतं, एक डिस्क गेली की सगळं गेलं. त्याला रेड म्हणणं हीच मुळात थट्टा.

व्हर्च्युअल डिस्क बनवण्याचं प्रत्यक्ष काम पंधरा मिनिटांचं. जुन्या पर्कवर मशीन सुरू होताना कंट्रोल आणि आर दाबायचं, नव्यावर एफ-२ दाबून सेटअपमधून शिरायचं. डिस्का निवडा, रेडची पातळी निवडा. चार टेराबाइटच्या चार डिस्का असतील तर रेड ५ मध्ये १२ टेराबाइट हाती लागतात, रेड ६ किंवा १० मध्ये ८. रेड १० सुचवलं की मालक हमखास विचारतात, "चार कशाला वाया घालवता?" रेड ५ मधला हिशेब त्यांना दिसत नाही. एक छोटीशी नोंद बदलायची तर जुना मजकूर वाचा, जुनी बेरीज वाचा, मग दोन्ही नव्याने लिहा. एका कामाला चार खेपा. रेड १० मध्ये दोनच. बिलांच्या डेटाबेसला दिवसभर अशाच बारीक नोंदी असतात.

दुसरा हिशेब जास्त भीतीदायक आहे. साध्या डिस्कांचे उत्पादक स्वतःच छापतात की साधारण साडेबारा टेराबाइट वाचताना एखादी न वाचता येणारी जागा निघू शकते. वरच्या रेड ५ मधली एक डिस्क मेली, तर नवी भरण्यासाठी उरलेल्या तिन्ही पूर्ण, म्हणजे १२ टेराबाइट वाचाव्या लागतात. सेकंदाला १०० मेगाबाइटचा वेग धरला तरी अकरा तास, आणि काटा चालू ठेवून केलं तर त्याहून किती तरी जास्त. मोठ्या डिस्कांवर रेड ५ करू नका, असं मी सरळ सांगतो.

पुढचा प्रश्न लिहिण्याच्या पद्धतीचा. राइट-बॅक निवडलं तर कंट्रोलर मजकूर आधी स्वतःच्या मेमरीत घेतो, 'झालं' म्हणून सांगतो आणि डिस्कवर सवडीने उतरवतो. वेग झकास. पण मधेच लाइट गेली तर? म्हणून कार्डावर छोटी बॅटरी असते. नव्या कार्डांत कपॅसिटर आणि फ्लॅश. बॅटरी खराब झाली की कंट्रोलर गुपचूप राइट-थ्रूवर जातो, म्हणजे डिस्कवर उतरल्याशिवाय 'झालं' म्हणत नाही. 'सॉफ्टवेअर स्लो झालंय' अशा तक्रारींवर गेलो की मी आधी ही बॅटरी बघतो. एक डिस्क हॉट स्पेअर म्हणून बांधून ठेवली तर उत्तम: दावणीला नुसता उभा असलेला बैल, वेळ आली की आपोआप जुंपला जाणारा. शेवटी इनिशिअलाइझ. इथे लाल अक्षरात इशारा येतो की डिस्कांवरचं सगळं जाईल. तो वाचा.

आता माझी चूक. एका कारखान्यात, नाव राहू द्या, रेड ५ मधली 'डिस्क २' गेल्याचा निरोप आला. मेलेल्या डिस्कचे दिवे विझलेले, बाकीच्यांवर धुळीचा थर. मी डावीकडून एक, दोन मोजलं आणि खेचली. त्या सर्व्हरवर खण शून्यापासून मोजतात हे मला पाठ होतं, पण हाताला नव्हतं. मी खण क्रमांक एकमधली धडधाकट डिस्क काढली होती. चारातल्या दोन गेल्या. व्हर्च्युअल डिस्क 'फेल्ड'. परत सरकवली तर कंट्रोलर तिला ओळख देईना, 'फॉरेन' म्हणू लागला. फॉरेन कॉन्फिगरेशन इम्पोर्ट केल्यावर रात्री साडेनऊला गाडी रुळावर आली. तोवर काट्यावर हाताने पावत्या फाडल्या गेल्या, आणि मला चहा कुणी विचारला नाही.

मालकांनी नंतर एकच विचारलं: "रेड आहे ना, मग बॅकअप कशाला?" हा प्रश्न जालन्यात तरी पडू नये. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली, १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. हे बियाण्यांचं गाव आहे. पुढच्या पेरणीचं बी आणि घरात खायचं धान्य एकाच कणगीत कुणी भरत नाही. रेड म्हणजे पक्की कणगी, पण एकच. चुकून पुसलेली फाइल ती चारी डिस्कांवरून इमानेइतबारे पुसते. खंडणीखोर व्हायरसने कुलूप लावलेल्या फायलीही तेवढ्याच निष्ठेने सांभाळते. खोलीला आग लागली तर कार्ड आणि डिस्का बरोबरच जातात.

तेव्हा उद्या कचेरीत गेलात की त्या थंड खोलीत एकदा डोकवा. फायलींची चवड यूपीएसवरून उचला, सर्व्हरच्या तोंडावरची धूळ पुसा. एखादा दिवा पिवळा लुकलुकत असेल किंवा विझलेला असेल तर आधी बॅकअप घ्या, मगच माणूस बोलवा. आणि तो डिस्क खेचण्याआधी त्याच्या शेजारी उभं राहून खण शून्यापासून आहेत की एकापासून, हे बघून मोजायला लावा.