पाठीवरचें पांघरूण

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण ज्याला स्थिर घरदार नाहीं अशा मनुष्याला उद्देशून थोड्याशा उपहासानें वापरली जाते. परंतु चांगलें घरदार असतांना केवळ हौसेनें हें बिऱ्हाड पाठीवर घेणारा एक वर्ग आतां जगांत सर्वत्र आढळतो. हा हौशी प्रवासी चार दिवस, महिनाभर, प्रसंगीं पांच महिनेहि डोंगर-अरण्यांतून पायीं चालतो. आणि त्याचें स्वयंपाकघर, कोठार व निजण्याची खोली हीं सारीं त्याच्या पाठीवरील एका पिशवींत सामावलेलीं असतात. दिवसां त्याला वाटतें, ओझें जितकें हलकें तितकें बरें. रात्रीं वाटतें, पांघरूण जितकें जाड तितकें बरें. ह्या दोन गरजांचा मेळ घालण्यासाठीं अलीकडे पुष्कळांनीं जो उपाय पत्करला आहे, तो म्हणजे पक्ष्यांच्या मऊ पिसांनीं भरलेली हलकी रजई. तिची ऊब येते कोठून, आणि घरापासून दूर, थंडीच्या रात्रीं तिच्यावर कितपत विसंबावें, ह्याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पांघरूण ऊब देतें असें म्हणण्याची रीत आहे. परंतु कोणतेंहि पांघरूण स्वतः कणभरहि उष्णता निर्माण करीत नाहीं. रात्रभर धगधगणारी शेगडी म्हणजे निजलेल्या मनुष्याचें शरीर होय. प्रौढ मनुष्य स्वस्थ झोंपला असतां त्याच्या शरीरांतून सुमारें ७० ते ८० वॅट इतकी उष्णता सतत बाहेर पडत असते. पांघरुणाचें काम एवढेंच, कीं ही उष्णता चटकन् निसटूं न देणें. हें काम मुख्यतः कापड किंवा कापूस करीत नसून त्यांच्या तंतूंत अडकून पडलेली निश्चल हवा करते. स्थिर हवा ही उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे. पाणी तिच्याहून वीस पटींपेक्षां अधिक त्वरेनें उष्णता वाहून नेतें. मात्र तीच हवा वाहूं लागली कीं शरीराची ऊब घेऊन पळून जाते. म्हणून हवेला लहान लहान पोकळ्यांत कोंडून स्थिर ठेवणें, हेंच सर्व पांघरुणांचें मर्म आहे. दडस झालेली जुनी रजई पिंजाऱ्याकडून पुन्हां पिंजून घेण्याची जी रीत घरोघर होती, तिच्या मुळाशीं हाच अनुभव होता. पिंजल्यानें कापूस कांहीं वाढत नसे. वाढत असे ती त्यांतील हवा.

कापूस पिंजल्यानें फुगतो खरा, परंतु तो जड, आणि दबून बसावयाला उशीर लावीत नाहीं. निसर्गानें ह्याहून सरस वस्तु पाणपक्ष्यांच्या अंगावर ठेवली आहे. बदक किंवा हंसबदक ह्यांच्या वरच्या पिसांना मधोमध ताठ देठ असतो, व तीं पाऊस-वारा अडवितात. त्यांच्या खालीं, विशेषतः छातीवर व पोटावर, दुसरी एक मऊ लव असते. तिला ताठ देठ नसतो. एका बारीक बिंदूपासून असंख्य तंतू चहूंकडे फुटलेले असतात, आणि त्या तंतूंनाहि आणखी सूक्ष्म तंतू असतात; रुईच्या बोंडांतून वाऱ्यावर उडणाऱ्या म्हातारीची आठवण व्हावी, असें तिचें रूप असतें. ह्या लवेलाच इंग्रजींत डाउन म्हणतात. मुठींत दाबली तर ती असून नसल्यासारखी होते; मूठ उघडतांच पुन्हां फुलून येते.

लवेचा कस तिच्या ह्या फुलण्यावरूनच ठरवितात. एक औंस, म्हणजे सुमारें २८ ग्रॅम लव नळकांड्यांत घालून, ठराविक भाराखालीं ती किती घन इंच जागा व्यापते, हें मोजतात. तो अंक ८०० आला तर त्या २८ ग्रॅम लवेनें जवळजवळ १३ लिटर जागा व्यापली असा अर्थ होतो. चहाचे सहा चमचे साखर जेवढ्या वजनाची, तेवढ्या लवेनें मध्यम आकाराची घागर भरावी, असा हा प्रकार आहे. अंक जितका मोठा तितकी त्याच उबेसाठीं लव कमी लागते, आणि अर्थातच किंमतहि तितकी चढते.

ह्या लवेची योग्यता उंच पर्वतावर सिद्ध करून दाखविणाऱ्या एका रसायनशास्त्रज्ञाचें नांव पुण्याशींहि जोडलेलें आहे. जॉर्ज इंगल फिंच हे १८८८ मध्यें ऑस्ट्रेलियांत जन्मले. १९२२ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेंत इतर सभासद लोकरीचे कपडे एकावर एक चढवून निघाले असतां, फिंच ह्यांनीं बलूनसाठीं विणलेल्या, वारा आंत न शिरूं देणाऱ्या कापडाचा कोट करविला, आणि त्यांत आयडर नांवाच्या उत्तरेकडील समुद्री बदकाची लव भरविली. ह्या बदकाची मादी स्वतःच्या छातीची लव काढून घरट्यांत अंथरते, आणि आइसलँडमधील शेतकरी ती घरट्यांतून गोळा करतात. फुगीर कोट पाहून सोबत्यांनीं फिंच ह्यांची थट्टा केली. परंतु मे महिन्याच्या अखेरीस फिंच, जेफ्री ब्रूस व गुरखा सैनिक तेजबीर हे तिघे सुमारें ७,७७० मीटर उंचीवर एका लहानशा तंबूंत वादळानें अडकून पडले, तेव्हां त्या कोटाची परीक्षा झाली व तो तींत उतरला. २७ मे रोजीं फिंच व ब्रूस कृत्रिम प्राणवायूच्या साहाय्यानें सुमारें ८,३२० मीटरपर्यंत पोहोंचले. त्यापूर्वीं कोणताहि गिर्यारोहक इतका उंच चढला नव्हता. हेच फिंच पुढें १९५२ ते १९५७ ह्या काळांत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते.

फिंच ह्यांचा तो कोट होता. अंथरुणासाठीं मात्र विसाव्या शतकांत लवेची स्लीपिंग बॅग, म्हणजे निजण्याची पिशवी, हीच सर्वमान्य झाली. सर्व बाजूंनीं बंद, कडेला चेन, आणि डोक्यावरून तान्ह्या बाळाच्या टोपड्यासारखें आवरण, अशी तिची रचना असते. भयंकर थंडींत तिच्याइतकें निर्धोक अंथरूण नाहीं. परंतु सौम्य ऋतूंत चालणाऱ्या कांहीं चिकित्सक प्रवाशांना तिच्यांत एक विसंगति दिसूं लागली. पिशवींत निजलेला मनुष्य तिच्या अर्ध्या भागावर पडलेला असतो. त्याच्या भारानें खालची लव चेपून कागदासारखी पातळ होते. तींतील हवा निघून जाते, आणि हवेबरोबर ऊबहि. म्हणजे जी लव दिवसभर पाठीवरून वाहून आणली, तिच्यापैकीं बराच भाग रात्रीं कांहींच काम करीत नाहीं. मग तो आणावयाचाच कशाला?

हा प्रश्न अमेरिकेंत रे जार्डाईन ह्यांनीं आग्रहानें मांडला. मेक्सिकोच्या सरहद्दीपासून कॅनडाच्या सरहद्दीपर्यंत कॅलिफोर्निया, ऑरेगन व वॉशिंग्टन ह्या तीन राज्यांतून जाणारी पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल नांवाची सुमारें ४,२६० किलोमीटर लांबीची पायवाट आहे. ती जार्डाईन व त्यांची पत्नी जेनी ह्यांनीं एकाहून अधिक वेळां तुडविली, आणि १९९२ मध्यें निघालेल्या आपल्या पुस्तकांतून जार्डाईन ह्यांनीं हलक्या ओझ्याचा पुरस्कार केला. पिशवीचा तळ, चेन व टोपडें काढून टाकावें, आणि साधी रजई पांघरावी, हा त्या पुरस्काराचाच एक भाग होता. जगांतील असंख्य आज्या आपल्या नातवंडांना ज्या रीतीनें निजवीत आल्या, तीच रीत अशा प्रकारें नवी म्हणून अरण्यांत परतली.

ह्या फेरफारानें वजनांत किती बचत होते? हिमबिंदूच्या आसपासच्या थंडीसाठीं केलेली चांगल्या लवेची पिशवी साधारणतः एक किलोच्या आगेमागे भरते. तितक्याच उबेची रजई पाऊण किलोच्याहि आंत बसते. घरांत बसून ऐकणाऱ्याला ही बचत क्षुल्लक वाटेल. पण वीस किलोमीटरांच्या चालींत पंचवीस हजारांच्या आसपास पावलें पडतात, आणि प्रत्येक पावलागणिक तें वजन उचलावें लागतें. शिवाय रात्र उबदार असेल तर रजई नुसती अंगावर टाकतां येते, पाय बाहेर काढतां येतात, कूस बदलतांना गुरफटल्यासारखें होत नाहीं.

एवढें ऐकून कोणी लगेच रजई घेऊन डोंगरांत निघाला, तर मात्र तो फसेल. पिशवीचे जे भाग गाळले, ते जीं कामें करीत होते तीं आतां दुसऱ्या कोणीतरी केलीं पाहिजेत. पहिलें काम जमिनीचें. जमीन ही रात्रभर शरीराची उष्णता शोषून घेते. तिला अडविण्यासाठीं अंगाखालीं फोमची किंवा हवा भरलेली चटई अवश्य हवी. चटईची उष्णता अडविण्याची शक्ति आर ह्या अंकानें दाखवितात. साधी फोमची चटई दोनच्या आसपास असते. हिमबिंदूजवळच्या रात्रीसाठीं तीन ते चार, आणि बर्फावर निजावयाचें तर पांच किंवा अधिक, असा अंक धरणें शहाणपणाचें. पातळ चटईवर जाड रजई पांघरणाराला पाठीकडून हुडहुडी भरते, आणि दोष मात्र तो रजईला देतो. दुसरें काम डोक्याचें. टोपडें गेलें, म्हणून कान झांकणारी लोकरी टोपी सदैव बरोबर हवी. तिसरें काम वाऱ्याचें. निजलेला मनुष्य कूस बदलतो, रजईची कड उचलली जाते, आणि कोंडलेली ऊब एका क्षणांत निघून जाते. म्हणून रजई दोन्ही बाजूंनीं अंगाखालीं खोंचतां येईल इतकी रुंद असावी, पायाकडे ती पिशवीसारखी बंद करतां यावी, आणि कडा चटईला बांधण्यासाठीं पट्टे असावेत.

विकत घेतांना आणखी एक गोष्ट पाहावी. वरचें व खालचें कापड आरपार शिवलेलें असेल तर प्रत्येक शिवणीपाशीं लव नसते, व तेथून थंडी शिरते. अधिक थंडीसाठीं दोन कापडांच्या मध्यें पातळ पडदे घालून केलेले कप्पे असलेली रजई घ्यावी. रजईवर छापलेल्या तपमानाच्या अंकावर तर आंधळेपणानें मुळींच विसंबूं नये. पिशव्यांसाठीं तापविलेल्या पुतळ्यावर प्रयोग करून अंक ठरविण्याची आंतरराष्ट्रीय पद्धति आहे. रजयांचे अंक मात्र बहुधा कारखानदार आपल्या अंदाजानें देतात. शिवाय तो अंक पुष्कळदां सुखानें झोंपण्याचा नसून कशीबशी रात्र काढण्याचा असतो. म्हणून अपेक्षित थंडीहून पांच-सहा अंशांची सवड ठेवावी. ही केवळ सुखासीनता नव्हे. शरीराचें आंतील तपमान ३५ अंशांखालीं उतरलें कीं प्रथम जोराचें कांपरें भरतें, पुढें बोलणें अडखळतें व विचार गोंधळतो. आणि आपण संकटांत आहों हें त्या मनुष्यालाच उमगेनासें होतें. निर्जन डोंगरांत पहांटे दोन वाजतां चूक ध्यानांत आली, तर ती सुधारण्याचें साधन जवळ नसतें.

लवेचा मोठा शत्रु म्हणजे ओल. भिजली कीं लवेचे तंतू एकमेकांस चिकटून गोळे होतात, हवा धरून ठेवण्याची शक्ति नाहींशी होते, आणि पुन्हां वाळावयाला फार वेळ लागतो. पाणी न धरणारा लेप दिलेली लव मिळते. पण त्यानें संकट लांबतें, टळत नाहीं. स्वतः जार्डाईन ह्यांनींहि ह्याच कारणास्तव आपल्या रजयांत लव न घालतां कृत्रिम तंतू भरले, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. कृत्रिम तंतू वजनानें अधिक व फुलण्यांत कमी असले, तरी ओले झाल्यावरहि थोडीफार ऊब राखतात. सह्याद्रींत पावसाळ्यांत किल्ल्यावर किंवा ठिबकत्या लेण्यांत मुक्काम करावयाचा असेल, तर लवेची रजई घरींच ठेवावी. उलट पौषांतल्या कोरड्या रात्रीं गडाच्या माथ्यावर अगदीं पातळ रजईहि पुरते. आणि हिमालयांत पावसाळा सरल्यानंतरच्या कोरड्या दिवसांत तिचे गुण पुरतेपणीं प्रत्ययास येतात.

ज्या घरांत मांसाहार वर्ज्य आहे त्यांना आणखी एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. लव ही बहुतांशीं मांसासाठीं पाळलेल्या पक्ष्यांचीच असते, आणि कांहीं ठिकाणीं ती जिवंत पक्ष्यांच्या अंगावरून उपटल्याचेंहि उघडकीस आलें आहे. असले प्रकार वगळणारी प्रमाणपत्रें आतां आहेत. त्यांपैकीं एक मोठें प्रमाण २०१४ पासून चालू आहे. तरीहि ज्याचें मन घेत नाहीं त्यानें कृत्रिम तंतूंची रजई घ्यावी, आणि थोडें अधिक ओझें समाधानानें वाहावें.

ज्याच्याजवळ लवेची रजई आहे त्यानें ती घरीं दाबून बांधून ठेवूं नये. मोठ्या सुती पिशवींत सैल ठेवावी. प्रवासांत रोज सकाळीं ती थोडा वेळ उन्हांत पसरावी, म्हणजे रात्रीचा घाम उडून जातो. धुतांना सौम्य साबण वापरावा, पिळूं नये, हलकेंच दाबून पाणी काढावें, आणि लवेचे गोळे हातानें मोकळे करीत पूर्ण वाळवावी. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे पहिली रात्र डोंगरांत काढूं नये. पौष महिन्यांत एखाद्या थंड रात्रीं आपल्याच घराच्या गच्चीवर ती चटई, ती टोपी आणि ती रजई एवढ्याच सामग्रीनिशीं निजून पाहावें. पाठ गार पडली, कडेनें वारा शिरला, किंवा पाय उघडे राहिले, तर ती उणीव तेथें चांगली कळते. आणि जिना उतरला कीं घरांतली जाडजूड गोधडी वाट पाहत असतेच.