मोसंबीचा टाकाऊ पापुद्रा आणि सैलावणारी धमनी

वडीगोद्रीच्या शिवारातली मोसंबी सोलून बघा. पिवळ्या सालीखाली फोडींना बिलगलेला पांढरा, मऊ पापुद्रा दिसेल. आपण तो नखानं खरवडून फेकतो. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण कौतुक होतं ते रसाचं. पापुद्र्याला कोण विचारतो?

एकानं विचारलं होतं. लेब्रेतों या फ्रेंच रसायनज्ञानं १८२८ साली संत्र्याच्या जातकुळीतल्या फळांच्या याच थरातून एक पदार्थ वेगळा काढला. तो हेस्पेरिडिन. त्याचं आपल्या रक्तवाहिन्यांशी नातं असेल, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं!

आता धमनीकडे वळू. बागेतली ठिबकची नळी बिचारी घ्याल त्या मापाची राहते. धमनी मात्र आपलं माप क्षणोक्षणी बदलते, कारण तिच्या भिंतीत स्नायू असतात. ते सैलावून त्रिज्या फक्त १० टक्क्यांनी वाढली, तरी तेवढ्याच दाबाला जवळजवळ दीडपट रक्त वाहू शकतं!

पण सैल पडायचा हुकूम देतं कोण?

न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीचे तुकडे द्रावणात टांगून त्यांचा ताण मोजत. अ‍ॅसिटिलकोलीन टाकलं की तुकडा आवळायचा. जिवंत प्राण्यात मात्र त्याच रसायनानं रक्तवाहिन्या रुंदावत. हे कोडं १९७८ मध्ये सुटू लागलं. तुकडे करताना धमनीचं आतलं अस्तर नकळत घासलं जात होतं! ते शाबूत ठेवलं, आणि धमनी सैलावली. एका पेशीइतक्या जाडीचं हे अस्तरच हुकूम सोडत होतं.

तोही कशाच्या रूपात? वायूच्या! नायट्रिक ऑक्साइड. मोटारीच्या धुरात असतो तोच. अस्तरात तयार होतो, शेजारच्या स्नायूत शिरतो, त्याला ढिला करतो आणि काही सेकंदांत संपतो. या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि म्युराड यांना १९९८ चं नोबेल मिळालं. डायनामाइटमधलं नायट्रोग्लिसरीन हृदयरोग्याच्या जिभेखाली ठेवतात, तेही याच वायूच्या भरवशावर.

मग पापुद्र्याचं काय? हेस्पेरिडिन लहान आतड्यात फारसं शोषलंच जात नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याला चिकटलेली साखर तोडतात, तेव्हा हेस्पेरेटिन मोकळं होऊन रक्तात उतरतं. प्रयोगशाळेत त्यानं अस्तराच्या पेशींकडून जास्त नायट्रिक ऑक्साइड तयार करवून घेतलं. फ्रान्समध्ये २४ वजनदार पण निरोगी पुरुषांना चार आठवडे रोज अर्धा लिटर संत्र्याचा रस दिला, तेव्हा त्यांचा खालचा रक्तदाब थोडा उतरला. नुसतं हेस्पेरिडिन दिल्यावरही उतरला. सगळ्याच चाचण्यांत असं दिसलेलं नाही, हेही खरं.

म्हणून रक्तदाबाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. मोसंबी मात्र गाळून पिण्यापेक्षा फोडी करून, थोड्या पापुद्र्यासकट खा.