हौदातली जलपर्णी जुनी नव्हे

गेल्या पावसाळ्यात आपल्या मंडळाच्या फेरीत आपण बडोद्यातल्या एका जुन्या वाड्याचा हौद पाहिला. घरच्यांनी गाळ काढून, दगड घासून तो नीट केला होता आणि त्यात जांभळ्या फुलांची जलपर्णी सोडली होती. "जुन्या काळासारखं दिसावं म्हणून," असं यजमानीणबाई म्हणाल्या. सगळ्यांनी फोटो काढले आणि दोघांनी रोपं पिशवीत घालून घरी नेली. त्या दोघांतला एक मी. म्हणूनच हे टिपण.

ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली, ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. फुलं देखणी, म्हणून एकोणिसाव्या शतकात ती जगभरच्या बागांतल्या तळ्यांत गेली. त्या शतकाच्या अखेरीस ती बंगालात पोचली आणि वीस-पंचवीस वर्षांत तिथले नाले, भातशेतं तिनं भरून टाकली. पहिल्या महायुद्धाच्या काळात बंगाली लोक तिला 'जर्मन पाना' म्हणू लागले. 1921 मध्ये जगदीशचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली आणि 1936 मध्ये तर तिच्या निर्मूलनासाठी वेगळा कायदाच झाला. म्हणजे पेशवाईतल्या किंवा पहिल्या गायकवाडांच्या काळातल्या हौदात ती असणं शक्य नाही. ऐतिहासिक मालिकांत बाजीरावांच्या मागे ही फुलं डुलताना दिसली, की हसू येतं.

पण गोंधळ होतो तो नावामुळे. अमरकोशात 'वारिपर्णी' आणि 'कुंभिका' हे शब्द आहेत. वारिपर्णी म्हणजेच जलपर्णी, आणि कुंभिकेवरून जलकुंभी! मग वाटतं, ही तर हजार वर्षांपूर्वीचीच. तसं नाही. ती नावं दुसऱ्या तरंगत्या वनस्पतीची, जिला मराठीत गोंडाळ म्हणतात. कोबीच्या गड्ड्यासारखी, मखमली फिकट पानांची, फूल इतकं बारीक की दिसतही नाही. नवी पाहुणी आली आणि जुन्या घरमालकिणीचं नावच घेऊन बसली. इंदूर-ग्वाल्हेरची आपली माणसं तिला जलकुंभी म्हणतात, कोल्हापूरकर केंदाळ, तर हैदराबादेत तेलुगूत तिला घोड्याच्या खुरावरून नाव आहे. जुन्या कागदात यांतला एखादा शब्द आला तर वनस्पती कोणती, हे कागदाच्या काळावरून ठरवावं.

ओळखायची खूण सोपी. पान तुकतुकीत, देठ मध्ये फुगलेला. तो दाबला तर स्पंजासारखा लागतो, आत हवा असते, त्यावरच ती तरंगते. वरच्या पाकळीवर पिवळा ठिपका, मोराच्या पिसासारखा.

आता माझ्या घरची गोष्ट. दोन रोपं टबात टाकली. तिच्या बुडातून आडवे धुमारे निघतात, टोकाला नवं रोप. ऊन आणि मैलपाणी मिळालं तर संख्या दुप्पट व्हायला साधारण दोन आठवडे पुरतात. दोनाची अशी दहादा दुप्पट केली तर 2,048 होतात, हिशेब करून पाहा! दिवाळीपर्यंत टबात पाणी दिसेना, पानांच्या आडोशाला डास मात्र झाले. जास्तीची रोपं मी गटारात टाकणारच होतो. आपल्या शहरातलं पावसाचं पाणी शेवटी विश्वामित्रीला मिळतं, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. शेजारच्या काकांनी हात धरला म्हणून बरं. तळी अशीच भरतात, कुणाच्या तरी टबातून.

जुन्या बांधकामाचं नुकसान वेगळंच. हिरव्या चादरीखाली पायऱ्या आणि शिलालेख झाकले जातात. मेलेली पानं तळाशी कुजून गाळ चढतो, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे मरतात. मोठ्या तलावांसाठी 1980 च्या दशकात दक्षिण अमेरिकेतले भुंगेरे आणून सोडले गेले, पण त्यांना वर्षं लागतात. हौदाला हातच बरा. फुलं यायच्या आत मुळांसकट उपसायची, गच्चीवर कडकडीत वाळवायची, मग खतात घालायची. फूल सुकलं की दांडा वाकून बी पाण्यात सोडतो आणि गाळात ते पंधरा-वीस वर्षंही जिवंत राहतं. त्यामुळे एकदा काढून भागत नाही.

यजमानीणबाईंना मी हे सगळं फोनवर सांगितलं. त्या जरा हिरमुसल्या. आता हौदात कुंडीतलं कुमुद ठेवायचं ठरलंय. आपल्या संकेतस्थळावर त्या फोटोखाली 'पारंपरिक जलपर्णीसह हौद' असं लिहिलंय, ते या आठवड्यात बदलू.