झिजलेल्या चपलांचा वेताळ

वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीत वेतोबाला, म्हणजे वेताळाला, नवसाच्या चपला वाहतात. आपल्या पायातल्यासारख्या नव्हेत, चांगल्या दांडग्या, चामड्याच्या. देव रात्री गावाची राखण करत हिंडतो म्हणून त्या झिजतात, अशी श्रद्धा. बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरून लालबाग-परळच्या खोल्यांत शिरलेल्या कोकणी माणसाला हे कुणी सांगावं लागत नसे. बोरीबंदरसमोरच्या टाइम्सच्या इमारतीतून निघणाऱ्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’च्या मराठी आवृत्तीत फँटम या मुखवटाधारी नायकाचा ‘वेताळ’ झाला. हे नाव ज्याला सुचलं त्याला माझा नमस्कार. अमेरिकेत त्याला चालतं भूत म्हणत. आमचं तर केव्हापासून चालतच होतं.

ली फॉकने फँटम १९३६ साली वर्तमानपत्राच्या पट्टीत आणला. ‘इंद्रजाल’ मार्च १९६४मध्ये सुरू झालं, किंमत ६० पैसे. सुरुवातीला सगळा कारभार वेताळाचाच. पुढे मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी आले. १९७६मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला, तो मात्र अस्सल इथला. ‘इंद्रजाल’च्या कामात असलेले अनंत पै १९६७मध्ये ‘अमर चित्र कथा’कडे वळले, ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. इथे आल्यावर वेताळाच्या मूळ गोष्टींवर थोडी कात्रीही चालली. त्याचा देश ‘बेंगाला’. ते नाव आपल्या बंगालच्या फारच जवळचं, म्हणून इथे त्याचं ‘डेंकाली’ झालं. आणि ज्या चाच्यांच्या टोळीचं नाव ‘सिंग’ होतं, ते ‘सिंगा’ झाले. एका कान्याने केवढी भानगड टळली!

आमच्या चाळीत एक अंक साताठ जणांत फिरे. हातात यायचा तोवर मधली पिन सुटलेली, कोपऱ्यांना तेलाचे डाग. छपाईत रंग रेषेबाहेर सांडायचा, त्यामुळे वेताळाच्या जांभळ्या अंगाला कधीकधी स्वतःचीच सावली चिकटलेली दिसे. ठोसा बसला की गुंडाच्या जबड्यावर कवटीचा ठसा उमटे, जन्मभर न पुसला जाणारा. तो ठसा आम्ही शाईने एकमेकांच्या गालावर काढत असू, आणि घरी मार खात असू.

पण खरं सांगायचं तर वेताळाची भीती कधी वाटलीच नाही. वाटणार कशी? मुखवट्याआड हाडामांसाचा माणूस आहे, बाप मेला की मुलगा तोच पोशाख चढवतो आणि आताचा हा एकविसावा, हे वाचकाला पहिल्यापासून माहीत. चारशे वर्षं न मरणारं भूत म्हणून थरथरतात ते फक्त गुंड. म्हणजे भूत दाखवण्यापेक्षा भूत कसं रचतात ते दाखवणारं हे कॉमिक. पडद्यामागून नाटक बघण्यातली मजा त्यात होती.

प्रेतं, थडगी आणि सूड यांची निव्वळ भयाची कॉमिक्स तिकडे अमेरिकेत निघत होती. विल्यम गेन्सच्या ईसी कंपनीचं ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’ त्यांतलं गाजलेलं. फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने १९५४मध्ये पुस्तक लिहून पोरं बिघडतात अशी हाकाटी केली, त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली आणि ती मालिका आटोपली. ब्रिटनने १९५५मध्ये कायदा केला. १९५६मध्ये आपल्याकडेही आला. किळसवाण्या किंवा भयंकर प्रसंगांनी कोवळ्या वयाला बिघडवणारं साहित्य, मग ते चित्रांतलं असो की नुसत्या शब्दांतलं, त्यात येतं. आता, गल्लीतल्या पोराला कायदा कोण वाचून दाखवणार?

मराठीत भय जमलं ते चित्राविनाच. नारायण धारपांच्या कादंबऱ्या वाचनालयातून फिरून फिरून पुठ्ठ्याच्या बांधणीला आल्या. बँकेत नोकरी करता करता रत्नाकर मतकरींनी ‘खेकडा’सारख्या गोष्टी लिहिल्या, त्यांतली माणसं शेजारच्या खोलीत राहणारी, आणि म्हणूनच कंदील विझवायला नको वाटे. चित्र डोळ्यासमोर आलं की भीतीला हद्द पडते. शब्दाची भीती गॅलरीच्या टोकाच्या संडासापर्यंत सोबत येते.

‘इंद्रजाल’ १९८१च्या सुमारास साप्ताहिक झालं. आठशेच्या वर अंक काढून १९९०मध्ये ते बंद पडलं. तोवर घरोघर टीव्ही आला होता, आणि १९८२च्या गिरणी संपानंतर चाळीतली कितीतरी घरं गावी निघून गेली होती.

त्याआधीची एक रात्र आठवते. पांघरुणात बॅटरी लावून वेताळ वाचत होतो. बारा वाजून गेलेले. लाकडी जिन्यावर चपला वाजल्या. सावकाश, एक पाऊल जड, एक हलकं. मी बॅटरी विझवली. आवाज आमच्या मजल्यावर आला, गॅलरीतून दारापर्यंत आला आणि थांबला.

“जागो आसंस काय रे?” दुसरी पाळी संपवून आलेले शेजारचे काका होते. एका चपलेचा अंगठा तुटला होता. दोरीने बांधून ते पाय ओढत आले होते. आईकडे सुईदोरा मागत होते.