जाहिरातींतला पगार आणि पत्रांतला पगार

नोकरीची जाहिरात वाचून अर्ज करावा, दोन-तीन मुलाखती द्याव्या, निवड झाल्याची वार्ता यावी, घरांत देवापुढें साखर ठेवली जावी. आणि चार दिवसांनीं जें नेमणुकीचें पत्र हातीं पडावें त्यांत जाहिरातींतल्या आंकड्यापेक्षां आठ-दहा हजार रुपये कमी असावे, हा अनुभव आज पुष्कळ सुशिक्षित तरुण-तरुणींना येत असतो. रक्कम लहान असो वा मोठी, मनाला जो चटका बसतो तो रकमेपुरता नसतो. ‘आपली किंमत इतकीच ठरली काय?’ हा प्रश्न त्या कागदाबरोबर घरांत येतो, आणि मग दिवाणखान्यांत त्याचा खल सुरू होतो.

आजोबा म्हणतात, “पगारासाठीं घासाघीस करणें आपल्याला शोभत नाहीं, काम चांगलें कर, वाढ आपोआप मिळेल.” काका उसळून म्हणतात, “जे आरंभींच शब्द फिरवितात, त्यांच्या दारांत पाऊल ठेवूं नकोस.” आई हळूच म्हणते, “हातचें सोडून पळत्याच्या पाठीं लागूं नये, बाळ.” तिन्ही सल्ले प्रेमापोटीं दिलेले असतात, आणि प्रत्येकांत थोडेंफार तथ्यहि असतें. परंतु ज्याला उत्तर द्यावयाचें आहे त्याचे खरे प्रश्न तसेच राहतात. पगार खरोखरच कमी झाला आहे काय? झाला असल्यास कां? आणि तें कोणाला व कसें विचारावें?

आमच्या घरांत हे प्रश्न अवघड कां वाटतात, याचें कारण आमच्या घरांच्या इतिहासांत आहे. शिक्षक, कारकून, बँकेंतले अधिकारी, सरकारी अभियंते अशा नोकऱ्यांवर आमच्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. तेथें पगार कोणी मागत नसे. तो छापलेलाच असे. आजहि लोकसेवा आयोगाच्या जाहिरातींत वेतनश्रेणी छापलेली असते, आणि ज्याची निवड झाली त्याला ती नियमानेंच मिळते. अशा व्यवस्थेंत आयुष्य गेलेल्या वडील माणसांना पगाराविषयीं बोलणें हा हावरेपणा वाटला तर नवल नाहीं. पण आज त्यांचीं नातवंडें ज्या खासगी कंपन्यांत जातात तेथें पगार हा ठरवावयाचा असतो. जो बोलत नाहीं त्याच्या मौनाला तेथें कोणी संस्कार म्हणत नाहीं. त्याची संमति आहे असें धरून चालतात.

कायद्याची बाजू आधीं समजून घेतलेली बरी. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या दृष्टीनें सामान्यतः जाहिरात म्हणजे प्रस्ताव नव्हे. ती प्रस्ताव करण्याचें निमंत्रण होय. खरा प्रस्ताव म्हणजे नेमणुकीचें पत्र, आणि त्यावर आपण सही केली म्हणजे करार पुरा झाला. म्हणून ‘जाहिरातींत अमुक लिहिलें होतें’ एवढ्याच आधारावर मागाहून केलेली तक्रार सहसा टिकत नाहीं. यावरून एक व्यवहाराची गोष्ट निघते. पत्र हातीं पडल्यापासून त्यावर सही होईपर्यंत जे दोन-चार दिवस मिळतात, तेवढेच दिवस उमेदवाराचा शब्द वजनदार असतो. तोपर्यंत जाहिरातीचें कात्रण जपून ठेवावें. ती संगणकाच्या किंवा फोनच्या पडद्यावर असेल तर अर्ज करतांनाच तिचें चित्र उतरवून ठेवावें, कारण अशा जाहिराती लौकरच दिसेनाशा होतात.

आतां ‘कमी’ या शब्दाचे तीन निरनिराळे अर्थ होतात, आणि प्रत्येकाला उत्तर वेगळें आहे.

पहिला अर्थ निव्वळ हिशेबाचा. जाहिरातींत वार्षिक ६,००,००० रुपये लिहिलेले असतात, आणि घरांत लगेच हिशेब होतो कीं महिना ५०,००० रुपये. परंतु ती रक्कम बहुधा ‘सीटीसी’ची, म्हणजे मालकाला त्या माणसापायीं येणाऱ्या एकंदर खर्चाची असते. समजा, मूळ पगार तिच्या निम्मा, म्हणजे महिना २५,००० रुपये आहे. प्रॉव्हिडंट फंडांतील मालकाचा १२ टक्के हिस्सा ३,००० रुपये, ग्रॅच्युइटीची ४.८१ टक्क्यांची तरतूद सुमारें १,२०० रुपये, आणि कामगिरी पाहून वर्षअखेर द्यावयाची दहा टक्के रक्कम महिन्याला ५,००० रुपये, एवढें सगळें त्या ५०,००० मध्येंच धरलेलें असतें. उरले ४०,८००. त्यांतून आपला स्वतःचा फंडाचा हिस्सा ३,००० व महाराष्ट्रांतला व्यवसाय कर २०० रुपये वजा जातां हातीं ३७,६०० रुपये पडतात. येथें कोणी शब्द फिरविलेला नसतो. फंडाचे पैसे आपल्याच नांवावर जमा होत असतात. मात्र ग्रॅच्युइटी साधारणतः पांच वर्षांच्या सलग नोकरीनंतर मिळते, आणि कामगिरीची रक्कम मिळेलच असें नाहीं. म्हणून घरखर्चाचा हिशेब हातीं येणाऱ्या रकमेवरच बांधावा. २०१९ सालची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलांत आली आहे. भत्ते आणि वेतनांत न धरावयाच्या इतर रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्या, तर तो अधिक भाग वेतनांतच धरावा, असें तिनें ठरविलें आहे. यामुळें मूळ पगार फार लहान दाखविण्याच्या जुन्या युक्तीला आळा बसावा.

दुसरा अर्थ ‘पर्यंत’ या शब्दांत दडलेला असतो. ‘४०,००० ते ६०,०००’ किंवा ‘६०,००० पर्यंत’ असें वाचतांना आपली दृष्टि वरच्या आंकड्यावर खिळते, आणि मालकाची खालच्यावर. येथेंहि असत्य नाहीं. पण आपल्याला त्या पट्ट्यांत कोठें बसविलें व कोणत्या कारणानें बसविलें, हें विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे.

तिसरा अर्थ मात्र खऱ्याखुऱ्या घटीचा. जाहिरातींत एकच निश्चित आंकडा होता, मुलाखतींतहि तोच बोलला गेला, आणि पत्रांत तो उतरला. येथें रागावणें स्वाभाविक आहे. परंतु रागाच्या भरांत फोन करण्यापेक्षां चार ओळींचें पत्र फार मोठें काम करतें. तें साधारण असें असावें: “आपल्या जाहिरातींत या जागेसाठीं अमुक वेतन दर्शविलें होतें व मुलाखतीच्या वेळीं त्यालाच दुजोरा मिळाला होता. आपल्या पत्रांत अमुक रक्कम आहे. हा फरक कशामुळें पडला हें कृपया कळवावें. आपलें उत्तर आल्यावर दोन दिवसांत मी माझा निर्णय निश्चितपणें कळवीन.” या पत्रांत गाऱ्हाणें नाहीं, विनवणी नाहीं, आणि घरच्या अडचणींचा पाढाहि नाहीं. घराचें कर्ज, बहिणीचें लग्न, आईचें औषध यांचा पगाराशीं संबंध जोडूं नये. पगार कामाचा असतो, गरजेचा नसतो.

उत्तर येईल तें नीट वाचावें. ‘आपला अनुभव जाहिरातींत मागितल्यापेक्षां दोन वर्षांनीं कमी आहे’ असें उत्तर आल्यास तें विचारांत घेण्याजोगें आहे. मग मागावयाचें तें असें, कीं सहा महिन्यांनीं काम पाहून वेतन अमुक रकमेपर्यंत नेलें जाईल हें पत्रांतच लिहून द्यावें. तोंडी आश्वासन देणारा साहेब सहा महिन्यांनीं त्याच खुर्चींत असेल असें नाहीं. परंतु ‘आज संध्याकाळपर्यंत सही करा, नाहीं तर जागा दुसऱ्याला देतों’ एवढेंच उत्तर आलें, तर तेथें पुढें कसें वागविलें जाईल याची ती आगाऊ सूचनाच समजावी. कांहीं झालें तरी, पत्रांतला आंकडा पक्का होईपर्यंत हातांतल्या नोकरीचा राजीनामा देऊं नये. राजीनामा दिलेल्या माणसाशीं कोणीहि बरोबरीच्या नात्यानें बोलत नाहीं.

हा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. पुढची कंपनी बहुधा मागच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या मागते, आणि त्यावर कांहीं टक्के वाढ देऊन नवा पगार ठरविते. म्हणून आरंभीं जी रक्कम न बोलतां सोडून दिली ती एका वर्षापुरती जात नाहीं. पुढच्या प्रत्येक पायरीवर ती वजा होत राहते.

घरांतल्या लेकीसुनांच्या बाबतींत तर अधिक दक्षता हवी. ‘तिच्या पगारावर घर थोडेंच चालतें?’ हें वाक्य आपण सहज बोलून जातों. पण समोरचा मालकहि मनांत तेंच म्हणत असतो. १९७६ सालीं समान वेतनाचा कायदा झाला. त्यानंतर मुंबईंतील एका जहाज कंपनीच्या महिला लघुलेखिकेनें, पुरुष लघुलेखकांना त्याच कामासाठीं अधिक वेतन मिळतें, ही तक्रार केली, ती थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि १९८७ सालीं न्यायालयानें तिच्या बाजूनें निकाल दिला. तें तत्त्व आतां वेतन संहितेंत आलें आहे. घरानेंच तिचें काम हौशीचें मानलें, तर बाहेर तिनें कोणत्या तोंडानें बरोबरीचा पगार मागावा?

परदेशीं गेलेल्या आमच्या मुलांमुलींना या बाबतींत कायद्याचा आधार अधिक आहे. ऑस्ट्रियानें २०११ पासूनच जाहिरातींत किमान वेतनाचा आंकडा देणें बंधनकारक केलें. अमेरिकेंतील कोलोराडो राज्यांत २०२१ पासून व कॅलिफोर्नियांत २०२३ पासून वेतनाचा पट्टा छापावा लागतो. युरोपीय संघानें २०२३ सालच्या निर्देशानें असें ठरविलें कीं, आरंभींचें वेतन किंवा त्याचा पट्टा उमेदवाराला आधींच कळावा व मागचा पगार त्याला विचारूं नये. त्यासाठीं सदस्य राष्ट्रांना ७ जून २०२६ पर्यंतची मुदत दिली. आपल्याकडे खासगी मालकावर पगार छापण्याचें असें सर्वसाधारण बंधन नाहीं. म्हणून तूर्त आपला आधार म्हणजे आपला प्रश्न आणि आपला संयम.

कमी पगार नाकारणाऱ्याचें एक थोर उदाहरण आपल्या देशांत आहे. जगदीशचंद्र बसु १८८५ सालीं कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत पदार्थविज्ञान शिकवूं लागले, तेव्हां हिंदी प्राध्यापकाला युरोपीय प्राध्यापकाच्या दोन-तृतीयांश पगार देण्याची चाल होती, आणि नेमणूक हंगामी म्हणून बसूंना त्याच्याहि निम्मा देऊं केला. त्यांनीं तो घेतला नाहीं. पण शिकविणें एक दिवसहि थांबविलें नाहीं. तीन वर्षें असें चाललें. अखेर अधिकाऱ्यांनीं त्यांना कायम करून मागील तीन वर्षांचा पुरा पगार दिला, आणि त्यांतून त्यांनीं वडिलांच्या कर्जाची फेड केली. घरावर कर्ज असतांना त्या कुटुंबानें मुलाचा नकार तीन वर्षें पेलला, ही गोष्ट आमच्या मतें त्या कथेंत तितकीच मोठी आहे.

प्रत्येकाला बसु होतां येत नाहीं, आणि व्हावेंहि लागत नाहीं. कित्येकदां घराची गरजच अशी असते कीं कमी पगार पत्करावा लागतो. तो विचारून, समजून व लिहून घेऊन पत्करला तर त्यांत कमीपणा नाहीं. एकत्र कुटुंबाचें सामर्थ्य येथेंच उपयोगी पडावें. ज्या घरांत चार मिळवती माणसें आहेत, त्या घरानें पांचव्याला ‘आणखी महिनाभर थांबलास तरी चूल अडणार नाहीं’ एवढें म्हणावें. या एका वाक्यानें त्याच्या पत्राला जी धार येते ती दुसऱ्या कशानेंहि येत नाहीं. उत्तर काय द्यावयाचें तें त्याला ठरवूं द्यावें. मात्र तें भीतीनें द्यावें लागूं नये, एवढी काळजी वडील माणसांनीं अवश्य घ्यावी.