काळ्या दगडाखालची भूमि

धाराशिव जिल्ह्यांतील कोणत्याही जुन्या वाड्यांत जा, भिंतीला काळा दगडच दिसेल. नळदुर्गचा प्रचंड तटहि त्याचाच. शास्त्रज्ञ यास बसाल्ट म्हणतात. आणि महासागरांचा तळहि याच जातीच्या पाषाणाचा आहे! मग हा प्रदेश म्हणजे वर आलेला सागरतळच समजावा काय? तसें समजणें चुकीचें होईल.

पृथ्वीचें कवच दोन प्रकारचें आहे. सागरी कवच बसाल्टचें, जड आणि अवघें ६-७ किलोमीटर जाड. खंडीय कवच बव्हंशीं ग्रॅनाइटसारख्या खडकांचें, त्या मानानें हलकें आणि सरासरी ३५ ते ४० किलोमीटर जाड. दोहोंची गांठ पडली, म्हणजे जड कवच हलक्याखालीं सरकून पृथ्वीच्या उदरांत गडप होतें. म्हणूनच सागरतळ सहसा २० कोटी वर्षांहून जुना सांपडत नाहीं. खंडांचे कांहीं भाग मात्र ४०० कोटी वर्षांचे आहेत.

आपला काळा दगड सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वीं भेगांतून उसळलेल्या तप्त रसाचा. तो अशा पुरातन खंडीय भूमीवर केवळ पसरला. जिल्ह्याच्या सीमेलगत, लातूर जिल्ह्यांतील किल्लारीस भूकंपानंतर खोल छिद्र घेतलें, तेव्हां ३३८ मीटरांवर बसाल्ट संपला. त्याखालीं गाळाच्या खडकाचा पातळ थर, आणि मग प्राचीन ग्रॅनाइटी पाषाण लागला.

इतकी जुनी, जाड भूमि अढळ असणारच, असा पुष्कळांचा समज होता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, अनंत चतुर्दशीची रात्र सरत असतां, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं तो समज ढांसळला. किल्लारीप्रमाणेंच धाराशिव जिल्ह्यांतील सास्तूरहि उद्ध्वस्त झालें. हजारों जीव झोपेंतच गेले. भारतभूमि उत्तरेकडे सरकत आशियाखंडास रेटीत आहे. त्या रेट्याचा ताण दूरवरच्या जुन्या भेगांतहि सांचतो, आणि केव्हां तरी मोकळा होतो.

परंतु बहुतेक जीव घेतले ते घरांनीं. मातींत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर माळवदाचा बोजा. हादरा बसतांच दोन्हीं कोसळलीं. भिंतींत आरपार जाणारे लांब दगड आणि दारांच्या माथ्यावरून सगळ्या घराभोंवतीं फिरणारा कॉंक्रीटचा पट्टा असला, तर असें घर पुष्कळ तग धरतें. भूमीचें वय आपल्या हातीं नाहीं. घराची बांधणी आहे. वाड्याच्या दुरुस्तीचा विचार घरांत निघेल, तेव्हां वडीलधाऱ्यांनीं रंगसफेदीच्या आधीं भिंतीची चौकशी करावी.