आनंदीबाईंची पत्रातली मावशी

दाताच्या डॉक्टरकडे नंबर यायला वेळ असेल, तर आपण काय करतो? मोबाइल काढतो आणि स्क्रोल करत बसतो. १८८० मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी अशाच वेळी समोरचं एक मिशनरी मासिक उचललं. त्यात एका मराठी माणसाचं पत्र छापलेलं होतं. बायकोला शिकवायचंय, अमेरिकेत काही सोय होईल का, असं त्यानं विचारलं होतं. मासिकाच्या संपादकांचं म्हणणं, ख्रिस्ती झालात तर बघू. कार्पेंटरबाईंनी मात्र अशी कुठलीच अट न घालता पत्र लिहिलं.

तो माणूस म्हणजे टपाल खात्यातले गोपाळराव जोशी. आणि बायको, १५ वर्षांची आनंदी. नवव्या वर्षी लग्न झालेलं, चौदाव्या वर्षी बाळ झालं आणि दहा दिवसांत गेलं. तेव्हापासून तिला डॉक्टर व्हायचं होतं.

मग पत्रं सुरू झाली. ती बोटीनं जायची, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर यायला काही महिने लागायचे. तरी दोघींचं जमलं. आनंदीबाई त्यांना ‘मावशी’ म्हणू लागल्या. इकडे त्यांची डोकेदुखी आणि ताप हटेना, तर मावशीनं अमेरिकेहून औषधं पाठवली. औषधांचा उपयोग झाला नाही, पण सातासमुद्रापलीकडे कुणीतरी आपल्या तब्येतीची काळजी करतंय, हे तर कळलं! एकमेकींना कधीही न पाहिलेल्या या मावशीनं राहायला स्वतःचं घरही देऊ केलं.

७ एप्रिल १८८३ ला आनंदीबाई नवऱ्याशिवाय कोलकात्याहून निघाल्या. ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या, तेव्हा मावशी न्यायला आली होती.

आता घरून पत्रं येऊ लागली ती गोपाळरावांची. त्यांच्याशिवाय हा प्रवास झालाच नसता, हे खरंच. पण पत्रांत कौतुकाच्या जोडीनं संशय आणि टोमणेही असायचे. फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजचा अभ्यास, तिथली थंडी, ढासळणारी तब्येत, आणि त्यात नवऱ्याला स्वतःच्या वागण्याचे खुलासे! एका पत्रात मात्र त्यांनी लहानपणी नवऱ्याच्या हातून खाल्लेल्या माराचा हिशेब स्पष्ट मांडला. समोर उभं राहून जे बोलता आलं नसतं, ते कागदावर लिहिता आलं.

होस्टेलवर राहणाऱ्यांना हा फरक वेगळा सांगायला नको. ‘मार्क किती पडले?’ हाही घरचाच मेसेज असतो आणि ‘ताप उतरला का?’ हाही. कुठला वाचून बरं वाटतं, ते आपल्याला माहीत असतं. आणि घरी धाकटं भावंड असेल, तर आपण त्याला यातला कुठला पाठवतो?

११ मार्च १८८६ ला आनंदीबाई डॉक्टर झाल्या. वर्षाच्या आतच, २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयानं गेल्या. वय अवघं २१. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी इथे मावशीच्या कुटुंबाच्या दफनभूमीत आजही त्यांच्या नावाचा दगड आहे.